‘व्हय, पण’ म्हणणारे साहेब

आमच्या माडीवर एक साहेब भाड्यानं राहायचे. त्यांनी उभ्या जन्मात कुणाला ‘न्हाय’ म्हटलं नाही, आणि त्याचाच त्यांना पगार होता.

मी निपाणीची. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढं तंबाखूच्या वखारीत गेले आणि तिथंच केस पिकले. आता आम्हा बायकांचा बचत गट आहे, उन्हाळ्यात कुरडया करून विकतो. वखारीत मी बरीच माणसं बघितली, पण असला माणूस बघितला नव्हता.

खोली बघायला आले तेव्हा मी विचारलं, “काम काय करता?”

“मॉलच्या कंपनीत हाय, आक्का. कंपनीच्या वतीनं सरकारशी बोलतो.”

“काय बोलता?”

“व्हय म्हणतो.”

“नुसतं व्हय म्हणायचा पगार देतेत?”

“व्हय, पण त्येच्या फुडं एक ‘पण’ असतंय. पगार त्या ‘पण’चा.”

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. भाडं वेळेवर देतो म्हणाले, दिलंही. खोली दिली.

मॉल म्हणजे आमच्या गल्लीच्या पाठीमागं झालेलं मोठं दुकान. तांदळापासून टॉवेलपर्यंत सगळं एका छपराखाली. त्या कंपनीची असली दुकानं गावोगावी आहेत. दारात माणसाच्या उंचीची पाटी होती. तिच्यावर हिरवं पान, पानावर हसणारं बाळ आणि खाली लिहिलेलं, ‘आम्ही पृथ्वीच्या बाजूनं’. ती पुढची बाजू. आमच्या वाट्याला मागची आली. तिथं खोलीएवढा डिझेलचा जनरेटर होता. उन्हाळ्यात वीज गेली की तो धडधडायला लागायचा आणि त्याचा धूर भिंतीवरून सरळ आमच्या गच्चीवर यायचा.

उन्हाळा म्हणजे आमचा हंगाम. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, शिजवायचा आणि सकाळच्या उन्हात धुतलेल्या लुगड्यावर सोऱ्यानं कुरडया घालायच्या. हे काम वारंगुळ्यानं चालतं. आज सगळ्या माझ्या गच्चीवर, उद्या सगळ्या शेजारच्या सुंद्राच्या. कुरडई पांढरी पाहिजे. मळकी कुरडई लेकीच्या सासरीसुद्धा पाठवत नाहीत. आणि आमच्या कुरडया घ्यायचं कोण, तर तोच मॉल. पिशवीवर गटाचं नाव छापून फळीवर मांडायचे. गावातल्या बायका ते नाव दाखवायला पाहुण्यांना घेऊन जायच्या.

साहेब राहायला आले त्या उन्हाळ्यात आमचा पहिलाच माल परत आला. प्रत्येक पिशवीवर लाल पट्टी चिकटवलेली, म्हणजे नापास. कुरडयांवर काळे ठिपके होते. मी मॉलच्या मॅनेजरकडं गेले. तरणा पोरगा, गळ्यात ओळखपत्राची दोरी.

“आजी, मालात काळं हाय. वरनं ऑर्डर हाय, काळं चालत न्हाय.”

“काळं तुमचंच हाय रं. तुमच्या जनरेटरची काजळी.”

“ते मला ठाऊक न्हाय. माझ्याकडं फकस्त कुरडई येतीया, धूर येत न्हाय.”

“मग जरा मागं येऊन हुबा ऱ्हा. धूर बी यील.”

तो हसला. पण जाता जाता म्हणाला, “आजी, आणखी एकदा असा माल आला तर गटाचं नाव काढावं लागंल. माझ्या हातात न्हाय.”

गटातल्या बहुतेक बायका माझ्यासारख्याच, वखारीतून बाहेर पडलेल्या. गुडघे गेलेले, डोळे अधू. दुसरं काम कोण देतंय? परत आलेल्या पिशव्या मी जिन्याखाली रचून ठेवल्या. साहेब रोज त्यांच्या शेजारून चढायचे-उतरायचे.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ. जळणारा दिवा त्यांना बघवत नसे. दिवसा कुठं बल्ब दिसला की हात आपोआप बटणाकडं जायचा. एकदा माझ्या देवघरातला बल्ब बंद केला. मी भडकले.

“अवो, देव अंधारात बसलाय की!”

“देवाला दिसतंय आक्का. तुमी-आमी चाचपडतोय.”

कंपनीनं गाडी दिली होती, पण स्वतःच्या कामाला हे लाल बसनं जायचे. खोलीत फ्रीज घेतला नाही. माठाला ओलं फडकं गुंडाळून पाणी गार करायचे. मॉलमध्ये दूध-दही ठेवायच्या उघड्या थंड पेट्या आहेत, त्यांना बिनकामाच्या वेळी ओढायचा पडदा असतो. साहेब भर दुपारी जाऊन तो पडदा ओढायचे. मॅनेजर धावत यायचा.

“साहेब, गिऱ्हाइकाला दही दिसंना झालंय!”

“ज्याला दही पायजे त्यो पडदा बाजूला करील. घरात भांड्यावरचं झाकण काढत न्हाय व्हय माणूस?”

म्हणजे माणूस मनानं त्या पाटीवरच्या बाळाच्या बाजूचा. आणि काम? काम उलटं. ते कळलं तेव्हा मी जेवता जेवता थांबले होते.

त्याचं असं होतं. सरकार एक नवा नियम आणणार होतं. हवा तापायला लागली आहे, तेव्हा मोठ्या दुकानांनी छतावर सोलर बसवायचं, डिझेलचा जनरेटर ठरवून दिला असेल तेवढाच चालवायचा, थंड पेट्यांना दारं लावायची. नियम पक्का होण्याआधी सरकार सगळ्यांना विचारतं. तिथं साहेबांचं काम सुरू व्हायचं. कंपनीच्या तोंडानं ते म्हणायचे, ‘व्हय, नियम चांगला आहे, आम्ही पृथ्वीच्या बाजूनं.’ मग दुकानदारांच्या संघटनेच्या तोंडानं म्हणायचे, ‘पण आत्ता नको, पण इथं नको, पण एवढा कडक नको.’ दोन्ही भाषणं लिहिणारे हेच.

“एका तोंडानं जेवायचं न् दुसऱ्यानं वकायचं?” मी विचारलं.

“व्हय, पण ताट एकच असतंय, आक्का.”

निपाणीत त्यांना मुद्दाम ठेवलं होतं. कंपनीला सीमेलगतच्या तालुक्यांपुरती नियमातून सूट पाहिजे होती. सांगायचं काय, तर इकडं नियम कडक झाला की दुकानाला खर्च पडणार, माल महागणार आणि गिऱ्हाईक कोगनोळीचा नाका ओलांडून पलीकडं कागलला जाणार.

“दह्यासाठी कागलला कोण जातंय?”

“कोण न्हाय. पण बेंगळुरात बसलेल्या माणसाला काय ठाऊक?”

मला याचं नवल वाटलं नाही. सीमेच्या नावावर इथं सगळ्यांनीच आपली पोळी भाजून घेतली आहे. रस्ता झाला नाही की सीमा, मास्तर आला नाही की सीमा. आता धुरालाही सीमाच.

भाषणाची तयारी ते गच्चीवर करायचे. समोर माणसं पाहिजेत म्हणून वाळत घातलेल्या कपड्यांपुढं उभे राहायचे. सुंद्राच्या नवऱ्याचं धोतर म्हणजे सचिव, पोराटोरांच्या चड्ड्या म्हणजे कारकून आणि माझं हिरवं जुनेर म्हणजे मंत्री. हात जोडून त्या जुनेराला म्हणायचे, “आपला हेतू थोर आहे, साहेब. पण मुदत हवी.” वाऱ्यानं जुनेर हललं की खूश व्हायचे. एकदा मी दोरीवरून जुनेर काढायला गेले तर म्हणाले, “आक्का, थांबा, मंत्र्यांनी अजून मान डोलावली न्हाय.”

मी म्हटलं, “मंत्री नेसून मला बाजारला जायचं हाय.”

ही विद्या त्यांना वडिलांकडून आली होती. वडील लोंढ्याच्या स्टेशनात नोकरीला. लोंढा म्हणजे जंक्शन, गाड्या कायम ताटकळलेल्या. वडील सांगायचे, गाडी रद्द झाली म्हटलं की लोक दगड उचलतात. उशिरा आहे म्हटलं की चहा पितात. “तवापासनं मी गाडी कवा रद्द केली न्हाय, आक्का,” साहेब म्हणायचे. “फकस्त उशिरा आणली.”

लग्न का केलं नाही, हेही मी विचारलं. बाईमाणसानं विचारू नये असं काही मला वाटत नाही.

“ठरलं हुतं. मी व्हय म्हणालतो. पण मुदत मागितली. तिनं दिली न्हाय.”

“शहाणी हुती.”

“व्हय,” ते म्हणाले. मी ‘पण’ची वाट बघितली, आलं नाही.

धूर त्यांच्याही खोलीत जायचा. आधी त्यांच्याच, कारण खिडकी वर. खिडकीवर ओला टॉवेल बांधून आत खोकत बसायचे. मी खालून ओरडायचे, “साहेब, ह्यो धूर तुमचाच न्हवं?”

“व्हय, पण मुदतीतला हाय!”

एक दिवस मी त्यांना धरलंच. कुरडयांची दुसरी खेप वाळत होती आणि जनरेटर सुरू झाला. आम्ही म्हाताऱ्या पदर सावरत लुगडी गोळा करायला पळालो. ओल्या कुरडया एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झाला. सुंद्रा मट्टदिशी खाली बसली आणि शिव्या द्यायला लागली. साहेब जिन्यात उभे. मी म्हटलं, “ह्या कामाची लाज वाटत न्हाय?”

ते म्हणाले, “मी गेलो तर हितं न्हाय म्हणणारा यील, आक्का. मी निदान व्हय तर म्हणतो. व्हय म्हटल्यालं कागदावर ऱ्हातंय.”

“वखारीचा मालक बी असंच म्हणायचा. मी हाय म्हणून तुमाला काम हाय.”

साहेब जिन्यातून पुढं आले. खाली वाकून लगदा गोळा करू लागले. चांगले इस्त्रीचे कपडे, गुडघ्यापर्यंत चीक लागला. बायका हसायला लागल्या. एवढं मात्र खरं, त्या माणसावर फार वेळ रागावता यायचं नाही.

मग बेळगावला सुनावणी लागली. सरकारी कचेरीत मोठ्या बाई अधिकारी बसून लोकांचं ऐकणार होत्या. साहेब माझ्याकडं आले. कंपनीला गावातल्या माणसांनी बोलायला हवं होतं. नुसते दुकानदार बोलले तर कोण ऐकतं? बचत गटाची म्हातारी बोलली म्हणजे वजन पडतं.

“काय बोलायचं?”

“नियमानं दुकानाला अडचण आली तर आमच्या कुरडया कोण घेणार. एवढंच.”

मी म्हटलं येते. लपवायचं काय त्यात? मॅनेजर गटाचं नाव काढायला टपला होता. कंपनीच्या बाजूनं चार शब्द बोलले तर नाव राहील, असा माझा हिशेब. आणि हे मला नवं नव्हतं. वखारीत होतो तेव्हा विडी-तंबाखूवर कसला नवा कायदा येणार म्हटलं की मालक आम्हाला ट्रकात भरून मोर्चाला न्यायचे. हातात चिरमुऱ्याची पुडी द्यायचे. आमच्यात एक रीत होती, ज्याच्या गाडीत बसायचं त्याचं बोलायचं. ओरडून घरी यायचं आणि भाकरी थापायची. कायदा काय होता ते विचारायचं नाही.

निघताना साहेब म्हणाले, “आक्का, मोठ्या बाई हाईत. रिकाम्या हातानं जाऊ नका. कुरडया घ्या थोड्या.”

बरोबर होतं ते. आपण कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जात नाही. पण चांगल्या कुरडया मोजक्याच होत्या आणि त्या विकायच्या होत्या. सरकारी माणसाला फुकट द्यायला चांगला माल कशाला घालवू? मी जिन्याखालच्या परत आलेल्यांतली एक पिशवी काढली. तळल्यावर ठिपके कुठं दिसतात? साहेबांनीच पिशवी माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून बघितली आणि गाडीत पुढच्या सीटवर नीट ठेवली.

तवंदीचा घाट उतरून गाडी बेळगावच्या वाटेला लागली. वाटेत साहेबांनी मला भाषण म्हणायला लावलं. मी घडाघडा म्हटलं. चौथीत कविता पाठ असायच्या माझ्या.

कचेरीच्या हॉलमध्ये गारठा होता. साहेब आधी फिरून रिकाम्या खुर्च्यांवरचे पंखे बंद करून आले, मग जागेवर बसले. संघटनेचे लोक बोलले. सगळ्यांचं तेच. हेतू थोर, मुदत हवी, सीमाभागाला सूट हवी. बाई लिहून घेत होत्या. धारवाडकडच्या असाव्यात, कानडी गोड, मराठीही बरी.

माझी पाळी आली. मी उभी राहिले, पाठ केलेलं म्हटलं, एक शब्द चुकले नाही. साहेबांनी मान डोलावली, माझं जुनेर डोलायचं तशी. मग मी पुढं जाऊन पिशवी टेबलावर ठेवली.

बाई हसल्या. “अज्जी, एन तंदीरि? काय आणलंय?”

“कुरडया. आमच्या गटाच्या.”

त्यांनी पिशवी उघडून एक कुरडई हातात घेतली. माहेरची आठवण झाली असेल, तोंडाला लावणार होत्या. मग थांबल्या.

“हे काळं काय? जिरं घालता?”

“जिरं कुठलं. काजळी हाय ती.”

“कसली काजळी?”

“मॉलच्या जनरेटरची. आमच्या गच्चीवर येतीया. म्हणून तर मॉलनं माल परत केला. ती लाल पट्टी त्येचीच. पण तळल्यावर कळत न्हाय, खावा तुमी.”

बाईंनी पट्टी बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

“अज्जी, धूर दुकानाचा. माल परत केला दुकानानं. आणि तुम्ही दुकानाच्या बाजूनं बोलताय?”

“मग? गाडी त्यांची हाय न्हवं.”

सगळा हॉल हसला. संघटनेचे लोकही हसले, मग कुणाचे आपण ते आठवून गप्प झाले. मला कळेना काय चुकलं. मी खरं तेच सांगितलं होतं. पण मॅनेजरचा चेहरा डोळ्यांपुढं आला. गटाचं नाव गेलं, मी मनात म्हटलं. चार शब्दांत घालवलं.

बाईंनी साहेबांना विचारलं, “तुम्हीच ना कंपनीचे? हा धूर तुमचा?”

साहेब उठले. कोटाचं बटण लावलं. संघटनेचे लोक त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आता ‘पण’ येणार म्हणून.

“व्हय, मॅडम,” ते म्हणाले आणि खाली बसले.

येताना संकेश्वरला चहाला थांबलो. मी म्हटलं, “आता गटाचं नाव काढतील.”

“बगू.”

“तुमचं बी काढतील.”

“व्हय, पण त्येला येळ लागतोय. मोठी कंपनी हाय.” आणि माझ्या बशीत आपल्यातला अर्धा चहा ओतला.

पुढं झालं ते असं. नियम आला, मुदत घालून आला, पण सीमेची सूट त्यात नव्हती. त्याच्या आधीच आमच्या मॉलच्या छतावर सोलर बसलं. बाईंनी कंपनीला सांगितलं होतं म्हणे, पृथ्वीच्या बाजूनं आहात तर त्या म्हातारीच्या गच्चीपासून सुरुवात करा. कंपनीनंही मग मागं पाहिलं नाही. दारात नवी पाटी लावली. बाळाच्या जागी माझा फोटो, हातात कुरडई. मला न विचारता पदर डोक्यावर घेतलेला दाखवलाय, मी घेत नाही. जनरेटर आहे अजून, पण क्वचित चालतो, आणि त्याच्या धुराचं नळकांडं उंच करून पलीकडं वळवलंय. मॅनेजर आता मला बघून उठून उभा राहतो. पाटीवरच्या बाईचा माल परत कसा करणार?

दुसऱ्या गावांत अजून धूर आहे असं ऐकते. तिथल्या बायकांनी आपल्या कुरडया घेऊन जावं. मी काय सगळीकडं पुरणार नाही.

साहेबांना कंपनीनं बेंगळुरात बोलावून एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत तिथंच. आता जांबोटीला जागा घेऊन राहतात, जंगलात. तिथं बस येईल तेव्हा येते, म्हणजे त्यांच्या मनासारखं गाव. माडीवर आता बँकेतला एक मुलगा आहे. दिवसरात्र दिवे जळत असतात, मीच जाऊन बंद करते.

दर उन्हाळ्यात साहेबांचा फोन येतो, कुरडया पाठवा म्हणून. चांगल्या पाठवते, पैसे घेते. मला एक गोष्ट सलायची. परत आलेल्या पिशव्या ते रोज बघत होते. लाल पट्टीची पिशवी त्यांनी स्वतः उचलून गाडीत ठेवली. आणि रिकाम्या हातानं जाऊ नका हे मला सांगायची काय गरज होती, मी जन्मात कधी गेले आहे का?

यंदा फोन आला तेव्हा विचारून टाकलं. “साहेब, खरं सांगा. मी कसली पिशवी घेणार, तुमाला ठाऊक हुतं न्हवं?”

पलीकडं पक्षी ओरडत होते.

“व्हय,” ते म्हणाले, “पण कुणाला सांगू नका, आक्का.”

मी कुणाला सांगितलेलं नाही. लिहिलंय तेवढं.